अजून गारच

थंडीत कमोडची सीट गार लागते म्हणून शिवशरणअप्पांनी जेवण निम्म्यावर आणलं, तशी त्यांची लेक काव्या हबकली. तिनं तापणारी सीट बसवून घेतली. तरी रोज दाराआडून हाक यायचीच, "काव्या, अजून गारच हाय की गं!" रिमोटवर एकेक आकडा वाढवत ती शेवटच्या आकड्याला पोचली. मग मात्र तिचा धीर सुटला. तिनं मेकॅनिकला बोलावलं.

त्यानं सीटवर तळहात टेकवला आणि झटकन मागं घेतला. "ताई, ही तर लई तापलीय की!"

काव्यानं चमकून अप्पांकडं पाहिलं. ते शेजारी स्टुलावर बसले होते. त्यांच्या मांडीला तिनं करकचून चिमटा काढला.



अप्पांनी मांडी हलवलीसुद्धा नाही; ते मेकॅनिककडंच बघत होते. "झाली व्हय रं दुरुस्त?"