लागू पडलेला ताईत

चार पोरं पुरे झाली म्हणून आक्काबाईने देवरुषी गहिनीनाथाकडून दंडाला ताईत बांधून घेतला, आणि सहा महिन्यांत तिला पाचव्यांदा दिवस गेले. मिरजगावच्या बाजारातून ती तडक त्याच्या दारात येऊन थडकली.

"बाबा, तुमचा ताईत नुसता मिरवायला हाय का?"

गहिनीनाथ जराही वरमला नाही. "सोमवारी आंबट खाल्लं आसशील. ताईताला बोल लावू नगंस! आन् त्या नर्सबाईच्या लूपच्या नादी तर लागूच नगं. गर्भाच्या पिशवीत बसवलेलं ते प्लॅस्टिक काळजात चढतंय. ही आमची भागिरथी बघ. दंडाला माझाच ताईत हाय. चार वरसं झाली, हालला का पाळणा?"

त्याच्या बायकोने, भागिरथीने, तोंडाला पदर लावला. एवढा धडधडीत पुरावा समोर उभा म्हटल्यावर आक्काबाईची खात्री पटली. दुसरा ताईत बांधून घेऊन ती निघाली.

भागिरथी तिला बांधापर्यंत घालवायला आली.

"आक्का, ताईत सोडू नगा," ती हळूच म्हणाली. "फकस्त बाळंत झाल्यावर नर्सबाईकडनं लूप बसवून घ्या. मंग आमच्या ह्यांचा ताईत हमखास लागू पडतोय."