बिनपरवाना खोली

अंगद शिंप्यानं आणि शेजारच्या फळवाल्या रईसनं पैज लावली ती अशी, की हरणाऱ्यानं बाजाराच्या दिवशी गाढवावर बसायचं. बीडकडच्या विडा गावात धुळवडीला जावयाला बसवतात तसं, गळ्यात चपलांचा हार घालून.

पैज हनुमानवर होती. हनुमान म्हणजे अंगदचा पुण्यातला लेक. बायको गेल्यावर अंगदनं त्याच्यासाठी घरावर एक खोली चढवली, परवानगीबिरवानगी न काढता. आपल्याच डोक्यावर बांधायचं तर नगरपंचायतीला कावून इचारायचं, असं त्याचं म्हणणं. नोटीस आली. इंजिनियर माणूस भला निघाला. म्हणाला, दंड भरा, बसवतो नियमात. पण जागा बापलेकाच्या नावावर हाय, तर लेकानं बाजाराच्या आधी समोर येऊन सही करायची. नाहीतर खोली पाडावी लागंल.

"येतंय बघ पोरगं," अंगद म्हणाला.

"न्हाई येत," रईस म्हणाला.

गल्ली ओस होती. निम्मी घरं ऊसतोडीला गेलेली, दारांना कुलपं. अंगद रोज पुण्याच्या गाडीच्या टायमाला स्टँडवर जाऊन उभा राहायचा. कुणी विचारलंच तर सांगायचा, रईसच्या मापाचं गाढव बघायला आलो.

बाजाराच्या आदल्या दिवशी हनुमानचा फोन आला.

"दादा, पाडू द्या की. तिथं राहणार कोण हाय?"

अंगदनं फोन खिशात टाकला. वर गेला आणि खोलीतला नवा पंखा काढून खाली आणला.

सकाळी माणसं आली, दुपारपर्यंत खोली उतरवून गेली. रईस म्हणाला, राहू दे पैज, मस्करी होती ती. अंगद ऐकेना. कुंभाराचं गाढव स्वतःच मागून आणलं, चपलाही स्वतःच ओवल्या, हलगीवाल्याला हाक मारली आणि टांग टाकून बसला.

बाजार नुसता लोटला. पोरं मागं लागली, भाजीवाल्या तराजू टाकून बघायला उठल्या. अंगद नवरदेवागत दोन्हीकडं हात जोडत चालला. जिंकलेला रईस दोरी धरून पुढं, मान खाली.

"म्या फोन केलता त्याला," चालता चालता तो हळूच म्हणाला. "ये म्हणलं. मला हरू दे म्हणलं."

अंगदनं हलगीवाल्याला खूण केली, जोरात वाजव.

मिरवणूक गल्लीत शिरली, अंगदच्या दारापाशी थांबली. हलगी बंद झाली.

"उतर आता," रईस म्हणाला. "फिटली पैज."

अंगदनं दाराच्या कुलपाकडं पाहिलं. मग मागं हसत उभ्या असलेल्या माणसांकडं. चपलांचा हार त्यानं नीट केला.

"अजून एक चक्कर मार की बे."