कुंचलेवाल्या

भाऊ शिडीखाली येऊन उभा राहिला तरी ताई काही खाली उतरली नाही. गळ्यात परागांची डबी, हातात कुंचला. एकेका फुलाला टेकवायचा आणि पुढे सरकायचं. बागेत मधमाश्या उरल्या नव्हत्या, म्हणून फुलांना पराग लावायचं हे काम मालकानं बारा बायकांना दिलेलं, आणि ताई त्यांची मुकादम.

"तुझ्या एका सहीवाचून अडलंय गं ताई," भाऊ म्हणाला. "आपली पलीकडची जमीन तीस वर्षं नुसती सोडायची. नांगर नाही, फवारणी नाही. रानफुलं वाढली की माश्या परत येतील. माश्या वाचवणारी ही संस्था दर वर्षी पैसे देणार. अर्धे तुझे."

संस्थेचा अधिकारी सोबतच होता, हातात कागद घेऊन. "तीस वर्षांचा निधी बाजूला काढून ठेवलाय, बाई. एका वर्षाचाही खाडा नाही."

"माश्यांना तीस वर्षं!" ताई वरूनच म्हणाली. "आणि माश्या आल्या की या अकरा जणींचं काय?"

"त्यांचंही बघू काहीतरी," अधिकारी म्हणाला.

"कोण बघणार? कुठं लिहिलंय ते दाखवा."

अधिकाऱ्यानं कागद उलटसुलट केला. तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं. आजूबाजूच्या शिड्यांवरचे कुंचले थांबले होते.

"आडमुठी ती आडमुठीच!" भाऊ भडकला. "दुसऱ्यांसाठी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस?"

"पाय माझा आहे ना? तू तुझा सांभाळ."

भावानं अधिकाऱ्याच्या हातातला कागद ओढला आणि तिच्या पायाशी शिडीच्या पायरीवर आपटला. "सही कर. नाहीतर आजपासून मला भाऊ म्हणू नकोस."

हे मात्र ताईला लागलं. तिनं कुंचला खाली घेतला.

तेवढ्यात कुठूनशी एक मधमाशी आली आणि तिच्या उघड्या डबीवर बसली.

"हलू नका, बाई!" अधिकाऱ्याचा आवाज एकदम मऊ झाला. "अहो, बघा तरी!" भाऊसुद्धा दोन पावलं मागं सरला. सकाळपासून बारा जणी शिड्यांवर उभ्या होत्या, त्यांच्यासाठी कुणी मागं सरलं नव्हतं.

ताईनं कुंचल्यानं माशीला उडवलं आणि डबीचं झाकण घट्ट लावलं. कागद पायरीवरून घसरला. तिनं तो पडू दिला.

"कामाला यायचं तर सकाळी सातला यायचं म्हणावं त्या माशीला," ती म्हणाली. "आम्ही सातला येतो."