बारावी सावली

फोटोत खेळाडू अकरा होते आणि सावल्या बारा. वर्तमानपत्राच्या कचेरीत संगणकासमोर बसून तिनं तीनदा मोजल्या. बारावा खेळाडू संघमालकाशी भांडला, म्हणून संपादकांच्या सांगण्यावरून तिनंच काल त्याला सावलीसकट पुसलं होतं. तसा फोटो सकाळच्या अंकात छापूनही आला होता. आता पुरवणीसाठी तिनं सावली पुन्हा पुसली. फाइल उघडली की ती परत हजर.

“साहेब, हे माझ्याच्यानं होणार नाही. मी मूळ फोटो लावते.”

“लाव बाई! मलाही सकाळपासून घास गिळवेना. पण छापलेल्या अंकात अकराच आहेत. सुटलेला बाण तो.”

तिनं मूळ फोटो लावला आणि मोकळा श्वास घेतला. मग टेबलावरचा सकाळचा अंक उघडला, एकेकावर बोट ठेवून मोजलं. खेळाडू बारा, सावल्या बारा.