उठवणारं कुणी हवं

चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा एक माणूस आपल्या सुट्टीच्या दिवशी भरदुपारी मरून पडला होता. म्हणजे खोलीत तो खुर्चीतच होता, पाय स्टुलावर टाकून. मेला होता तो कॉम्प्युटरवरच्या खेळातला त्याचा वैद्य, दगडी पुलाच्या तोंडाशी, पालथा. पडद्याच्या मधोमध एक हिरवं बटण लुकलुकत होतं: लगेच उठा. काचवाला ते दाबत नव्हता.

पूर्वी या खेळात असलं बटण नव्हतं. मेलं की पडून राहायचं आणि वैद्य मिळेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा हाणायच्या. वैद्य आला की त्याला मेलेल्याशेजारी उभं राहून लांबलचक मंत्र म्हणावा लागे, त्यामुळे त्याच्याशीही गप्पा होत. अशाने ओळखी झाल्या, भांडणं झाली, एक लग्नसुद्धा जमलं. चौकात सतत कुणीतरी ओरडत असे, वैद्य आहे का, वैद्य? दुकानात काचवाल्याला कुणी हिंगलत नसलं तरी खेळात त्याच्यावाचून सगळ्यांचं अडत असे. पुढे कंपनीच्या लक्षात आलं की मेलेल्या माणसांना कंटाळा येतो. बटण आलं. पाठोपाठ उडते घोडे आले, आपोआप जमणाऱ्या टोळ्या आल्या, आणि सगळ्यांच्या विद्या सगळ्यांना वाटून टाकण्यात आल्या. ‘यापुढे तुम्हाला कुणाचीही गरज नाही’, असं कंपनीने कळवलं. आनंदाची बातमी म्हणून.

आज कुणी उठवलं तर उठायचं, नाहीतर खेळ पुसून टाकायचा, असं काचवाल्याने ठरवलं होतं. पुसल्यावर सुट्टीच्या दिवशी माणसं जे काय करतात ते करायचं. ते काय असतं, हे त्याला नक्की माहीत नव्हतं. उठायचं तर आधी मरायला हवं, म्हणून त्याने पुलावरच्या लांडग्याला शांतपणे चावू दिलं. हा लांडगा जुन्या काळातला, पाचसहा जणांना भारी पडणारा. बाकीची जनावरं कंपनीने केव्हाच नरम केली होती. पण या रस्त्याने आता कुणी चालतच नव्हतं, त्यामुळे हा तेवढा राहून गेला होता.

वरून घोडे जात होते. त्यांच्या सावल्या वैद्याच्या पाठीवरून सरकत होत्या.

मध्येच ताईचा फोन आला. काय करतोयस, तिने विचारलं. मरून पडलोय, तो म्हणाला. बरं, ती म्हणाली, नळवाला आलाय, नंतर बोलते.

मग एक घोडा खाली उतरला. वर शिंगांचा टोप घातलेला एकजण होता. खालच्या चौकटीत अक्षरं उमटली.

“काका, बटण बिघडलंय का?”

काचवाल्याने पाय खाली घेतले. “काका कशावरून?”

“मेल्यावर बटण न दाबणारे काकाच असतात.”

यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. कुणीतरी उठवावं म्हणून पडलोय, असं त्याने खरं ते लिहिलं. शिंगवाल्याला वाटलं, यात काही बक्षीस असणार. बक्षीस नाही हे कळल्यावर त्याच्या घोड्याने पंख हलवले. गेला, काचवाल्याच्या मनात आलं. पण तेवढ्यात विचारणा झाली की उठवतात कसं. विद्या शिंगवाल्याकडे होतीच, सगळ्यांकडे असते तशी, कधीच न वापरलेली. काचवाल्याने भराभर समजावून सांगितलं: घोड्यावरून उतरायचं, शेजारी उभं राहायचं, मंत्र संपेपर्यंत हलायचं नाही. आनंदाच्या भरात लांडग्याचं तेवढं सांगायचं राहिलं.

शिंगवाला या खेळात जन्मात एका जागी उभा राहिला नव्हता. तो उभा राहिला. मंत्र अर्ध्यावर आला आणि लांडगाही आला.

आता दोघेजण शेजारी शेजारी पडले होते, आणि लांडगा आपलं काम झाल्यासारखा पुलावर परत गेला होता. पलीकडे, कुठल्याशा खोलीत, शिंगवाल्याच्याही समोर हिरवं बटण लुकलुकत असणार. काचवाल्याने टंकायला हात उचलला आणि तसाच धरून ठेवला.

“आता?” अक्षरं उमटली.

“आता तिसरं कुणी येईपर्यंत पडून राहायचं. तोवर बोलायचं.”

“काय बोलायचं?”

एवढी वर्षं साठवलेलं कितीतरी होतं. त्यातलं एकही वेळेवर आठवेना. डोळ्यांचा नंबर किती, असं त्याने लिहिलं आणि पुसलं. मग लिहिलं, “जेवण झालं?”

उत्तर आलं.

“नाही अजून. तुमचं?”

काचवाल्याचं जेवण केव्हाच झालं होतं. पण लगेच सांगून टाकलं असतं तर प्रश्न संपला असता, म्हणून तो नुसताच वाचत बसला.