याच यंत्राचा अनुभव

"बसा. पाणी हवंय?" त्याने विचारलं, आणि ती हो म्हणायच्या आत पुढचा कागद उलटला.

प्रयोगशाळेच्या मागची ही लहानशी खोली. एका बाजूला काच, आणि काचेपलीकडे रांगेने मांडलेल्या पाण्याच्या बाटल्या. प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी: कुठल्या वस्तीचा नळ, कुठली विहीर. पाणी सगळं सारखंच नितळ दिसत होतं. कुठलं पिण्याजोगं आणि कुठलं नाही, ते इथे ठरायचं.

टेबलावर कंपनीचं पत्र होतं. परदेशातून शिकायला आलेल्या माणसाला कंपनी आपल्या हमीवर नोकरीत ठेवते आहे, असं सांगणारं. खाली सहीची जागा कोरी. विद्यार्थी म्हणून मिळालेली मुदत शुक्रवारी संपत होती. तोवर हे पत्र सहीनिशी सरकारी कचेरीत पोचलं तर राहायचं, नाही तर गाशा गुंडाळायचा. आज बुधवार.

तिची नजर पत्राकडे गेली. त्याने ते पालथं घातलं.

साहेबांनी दारातून डोकं आत घातलं. "कामाचं तूच विचार, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आलोच." आणि फोन कानाला लावून ते गेले.

तिने त्याच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि हसली. "मराठी ना तुम्ही? आडनावावरून वाटलं. बरं झालं बाई, जिवात जीव आला."

"मुलाखत चाललीय. जीव नंतर येऊ द्या. आजवर अर्ज किती केलेत?"

"एकशे चौदा."

"बोलावणी किती?"

"हे दुसरं."

"एवढी कमी?"

"आडनाव वाचून फाईल बाजूला ठेवतात. तुम्हाला मी काय सांगायचं."

"म्हणजे दोष आडनावाचा. तुमचा काहीच नाही."

मांडीवरची पिशवी सारखी करत ती म्हणाली, "माझाही असेल. विचारा तुम्ही."

"नळाचा नमुना कसा घ्याल?"

"नळाचं तोंड पुसून, ज्योतीने शेकून घेईन. पाणी दोन-तीन मिनिटं वाहू देईन. मग बाटली धरीन."

"बाटलीत आधी काय असतं?"

"सोडियम थायोसल्फेट. पाण्यातलं क्लोरिन मारायला. नाही तर वाटेतच जंतू मरतात, आणि घाण पाणीसुद्धा चांगलं ठरतं."

"वाटेत उशीर झाला तर?"

"बर्फात ठेवीन. तरी चोवीस तासांवर गेलं तर तो नमुना फेकून नवा आणीन. खोटा कागद नाही करायची."

तो प्रश्न टाकत गेला, ती झेलत गेली. उत्तर बरोबर आलं की त्याचा आवाज आणखी कोरडा व्हायचा.

"शिक्षण कुठे?"

"इथेच झालं."

"इथे शिकलेले ढिगाने पडलेत." त्याने काचेपलीकडे पेन रोखलं. "ते पांढरं यंत्र चालवलंय?"

ती उठून काचेपाशी गेली. नाक टेकेल इतकी. "हे नाही. याच्या आधीचं चालवलंय. बटणं तीच दिसतात, पडदा तेवढा मोठा आहे. दोन दिवस द्या, हात बसेल."

"जाहिरात नीट वाचलीत? याच यंत्राचा अनुभव. किमान दोन वर्षं."

"वाचली ना. पण हे यंत्र या शहरात दुसरं कुठेच नाही. मी चौकशी केली. मग अनुभव काय बाजारातून आणायचा?"

"ते मला नका विचारू."

"असली जाहिरात लिहिली तरी कोणी?"

"मी."

ती परत येऊन बसली.

"दादा..."

"दादा म्हणू नका."

"बरं. नाही म्हणत. पण ही नोकरी मला हवी आहे, लाज सोडून सांगते. हे काम मला येतं. तुमच्या जागी मी असते ना, तर आपल्या माणसाला एक संधी दिली असती."

"तुम्ही माझ्या जागी नाही आहात."

त्याने फॉर्मवर लिहिलं: यंत्राचा अनुभव नाही. खाली रेघ ओढली. कागद फाटेल इतकी दाबून.

ती उठली. दाराशी थांबली. "दुपारचं जेवलात का? ओठ सुकलेत तुमचे."

त्याने पेनाचं टोपण लावलं.

"सहज विचारलं," ती म्हणाली आणि गेली.

थोड्या वेळाने तो खिडकीशी आला. खाली अंगणात एक गाडी उभी होती. चालकाच्या जागेवर बसलेल्या म्हाताऱ्या बाईने आतून दार उघडलं आणि ती आत बसल्यावर तिच्या पाठीवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिली. त्याने पडदा ओढला.

साहेब आले. "काय, कशी वाटली?"

"यंत्राचा अनुभव नाही."

"आणि बाकी?"

"बाकी ठीक."

"म्हणजे तुझ्या जागेसाठी कायद्याप्रमाणे जाहिरात दिली, आलेल्या एकीची मुलाखत घेतली, आणि या देशाच्या नागरिकांत लायक माणूस काही मिळालं नाही. असंच लिहायचं ना?"

"तसंच लिहा."

साहेबांनी पत्र सुलटं केलं, सही केली आणि त्याच्यापुढे सरकवलं.

"घे. शुक्रवारच्या आत नेऊन दे. तुझा मुक्काम वाढला."