हजेरीतलं नाव

"महारुद्र."
"हजर."
"दीपमाला."
"हजर."
"करिश्मा."

शाळेच्या स्वयंपाकखोलीत प्रेमाबाईचं उलथनं थांबलं.

"हजर."

उलथनं पुन्हा खिचडीत फिरलं.

"रोजचंच तुझं," ताटं पुसता पुसता कोंडाबाई हसली. "लेकीनं हजर म्हटल्याबिगर खिचडी शिजत न्हाय व्हय गं?"

प्रेमाबाईनं खिचडीत मीठ टाकलं.

हजेरी संपली तसे महालिंगप्पा सर दारात आले. मागं प्रेमाबाईची लेक. आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत शाळेतून ती एकटीच लागली होती. शिष्यवृत्ती मिळाली तर तालुक्याला, भूमला शिकायला. नाही मिळाली तर मामाच्या मेंढरांमागं.

"नाव जुळत नाही, प्रेमाबाई. शाळेत करिश्मा, आधारवर कडूबाई. शिष्यवृत्ती अडकेल. आधारवर करिश्मा करून टाकू. सोपं आहे."

लेकीचा चेहरा उजळला. घरचं नाव तिला चारचौघींत नको वाटायचं. पहिली लेक तापानं गेली, म्हणून हिचं नाव कडूबाई ठेवलं होतं. कडू घास मरणसुद्धा थुंकून टाकतं. पुढं शाळेत घालताना गुरुजींनी पोरीचं नाव विचारलं, आणि प्रेमाबाईच्या तोंडून निघालं, करिश्मा. शाळेत सगळ्यांना वाटलं, चांगलं नाव शोधलं.

"न्हाय," प्रेमाबाई म्हणाली. "आधारवर कडूबाईच ऱ्हाऊ द्या. शाळेतलं बदला."

"आये! पोरी हसत्यात मला!"

"हसू दे. जितीजागती हायस न्हवं?"

सर घुटमळले. "शाळेतलं बदलायला वेळ लागेल. होईल, पण मग करिश्मा कुठंच राहणार नाही. बघा."

प्रेमाबाईनं झाकण उचललं. वाफ तोंडावर घेतली.

"व्हय," म्हणाली.

लेकीनं अबोला धरला. घरात जेवताना ताट घेऊन उंबऱ्यात बसायची. आईकडं पाठ.

मग नाव बदलायला वरून मंजुरी आली.

"महारुद्र."
"हजर."
"दीपमाला."
"हजर."
"कडूबाई."

वर्गात खसखस.

"…हजर."

उलथनं फिरतच राहिलं.

"अगं, झालं की लेकीचं नाव," कोंडाबाई म्हणाली. "ऐकलं न्हाईस?"

"ऐकलं." प्रेमाबाईनं गॅस बारीक केला. "ते धाकटीचं. थोरलीचं आता कोण घेतंय?"